सोळाव्या वर्षी पर्मिट: न्यू जर्सीत लेकीला गाडी शिकवताना

आमच्या लेकीला सोळावं लागायच्या आधीच तिने ड्रायव्हिंगचं मॅन्युअल दोनदा वाचून काढलं होतं. मी मात्र नियम नीट वाचले ते पर्मिट हातात आल्यावर. तो उशीर तुमचा होऊ नये म्हणून हे लिहितेय.

न्यू जर्सीत लायसन्स तीन टप्प्यांत मिळतं. आधी पर्मिट म्हणजे शिकाऊ परवाना, सतराव्या वर्षी प्रोबेशनरी म्हणजे एकट्याने पण काही बंधनांत चालवायचं लायसन्स, आणि त्यावर वर्षभर गाडी चालवून अठरा पूर्ण झाली की बेसिक. सोळाव्या वर्षी सुरुवात करायची तर ड्रायव्हिंग स्कूलचे सहा तास घ्यावेच लागतात, ते संपल्यावरच घरच्या गाडीवर सराव. डोळ्यांची तपासणी होते आणि लेखी परीक्षेत 50 पैकी 40 उत्तरं बरोबर लागतात. मन लावून वाचणारं मूल हे पार करतं.

खरं काम पुढे आहे, आणि ते आपलं आहे. 1 फेब्रुवारी 2025 पासून 21 वर्षांखालच्या शिकाऊंना 50 तासांचा सराव सक्तीचा झालाय, त्यातले 10 तास अंधारातले. किमान सहा महिने घालवायचे, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास. आकडा लहान वाटतो, पण शाळा, क्लास, आपली नोकरी यात दोन आठवडे कोरडे गेले की गाडं मागे पडतं. आम्ही ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवली: तारीख, वेळ, रस्ता, पाऊस होता का. तास पुरे झाल्याची ग्वाही शेवटी आपल्यालाच सही करून द्यायची असते. त्या सहीमागे खरे तास हवेत.

रात्रीच्या तासांचं गणित आधी मांडा. पर्मिटवर रात्री 11 नंतर पहाटे 5 पर्यंत चालवता येत नाही आणि जूनमध्ये सूर्य साडेआठला मावळतो. आमचं पर्मिट वसंतात मिळालं आणि अख्ख्या उन्हाळ्यात अंधारातले जेमतेम दोन तास झाले. नोव्हेंबरात पाच वाजताच काळोख पडायला लागला तेव्हा कुठे उरलेले भरले. उन्हाळ्यात परीक्षा द्यायची असेल तर हिवाळ्यातच रात्रीचे तास उरकून घ्या.

शेजारी बसणारी व्यक्ती किमान 21 वर्षांची हवी आणि तिच्याकडे न्यू जर्सीचं लायसन्स निदान तीन वर्षांपासून हवं. भारतातून आलेले आजोबा चाळीस वर्षं गाडी चालवत असले तरी चालत नाहीत. गेल्या वर्षी टेक्सासहून इकडे आलेला मामाही नाही.

सुरुवात रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये करा आणि तिथे कंटाळा येईपर्यंत थांबा. मग घराजवळच्या गल्ल्या, मग दोन लेनचा रस्ता, हायवे सगळ्यात शेवटी. जगहँडल आवर्जून दाखवा. इथल्या पुष्कळ मोठ्या रस्त्यांवर डावीकडे वळायला आधी उजवीकडून बाहेर पडावं लागतं. लेक पहिल्यांदा तिथे डाव्या लेनमध्येच थांबून राहिली होती, कारण वळायचं डावीकडे होतं. आता ती लांबूनच पाटी शोधते.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागला तो बाण नसलेल्या सिग्नलवर डावीकडे वळायला. एकदा ती चौकात पुढे येऊन थांबली होती, समोरून गाड्यांची रांग. मला फट दिसली आणि मी ओरडले, "जा, जा!" ती दचकली, निघाली आणि मध्येच ब्रेकवर पाय दिला. समोरची गाडी अगदी जवळ येऊन थांबली. पुढच्या वळणावर गाडी बाजूला लावून ती म्हणाली, "आई, तू जा म्हणालीस की मी बघायचं थांबते." ते अगदी खरं होतं. त्या दिवसापासून मी "जा" म्हणत नाही. "समोर काय दिसतंय?" एवढंच विचारते आणि निर्णय तिचा. "थांब" हा शब्द मात्र राखून ठेवलाय, तो आला की काहीही न विचारता ब्रेक लावायचा. चुकांची चर्चा गाडी थांबल्यावर. बाबा शिकवत असतील तर त्यांनाही हेच सांगा, नाहीतर मुलाला दोन तऱ्हांच्या सूचना मिळतात.

रोड टेस्टला समांतर पार्किंग, के-टर्न (पुढे-मागे घेत गाडी उलट दिशेला वळवणं) आणि सरळ रिव्हर्स येतं. हँडब्रेकपर्यंत परीक्षकाचा हात पोचेल अशी गाडी न्या.

प्रोबेशनरी लायसन्स मिळालं की मूल एकटं निघतं, आणि पालक सैल पडतात ते इथेच. आपण सोबत नसलो तर गाडीत फक्त एकच जण बसू शकतो. धाकटा भाऊ बसला की ती जागा भरली, त्याच्या मित्राला "जाता जाता सोड गं" म्हणता येत नाही. हे मी स्वतः म्हणणार होते. पण गाडीत समवयस्क वाढले की कोवळ्या ड्रायव्हरचा धोका वाढतो आणि रात्री तो आणखी वाढतो, म्हणून तर हा आणि रात्रीच्या बंदीचा, असे दोन नियम आहेत. रात्री 11 ते 5 ची बंदी इथेही आहेच. फोन हातात नाही आणि हँड्सफ्रीही नाही. आमच्याकडे तो मागच्या सीटवरच्या बॅगेत जातो.

दोन्ही नंबरप्लेटवर लाल डिकॅल, म्हणजे नवा ड्रायव्हर ओळखता यावा म्हणूनची छोटी पट्टी, लावायचं, 2010 पासून तसा कायदा आहे. लेकीला आधी त्याची लाज वाटायची. डिकॅल काढता येतं, आपण गाडी चालवताना ते नसलं तरी चालतं. पण मग ती निघताना लावायचं राहून जातं आणि दंड 100 डॉलर. आम्ही ते किल्लीच्या हुकाखालीच ठेवतो.

अठरावा वाढदिवस झाला म्हणून बंधनं आपोआप उठत नाहीत. प्रोबेशनरीचं वर्ष भरलं की एमव्हीसीतून, म्हणजे राज्याच्या वाहन परवाना कार्यालयातून, बेसिक लायसन्स करून घ्यावं लागतं, तोवर डिकॅलही राहतं. आमच्या कॅलेंडरवर ती तारीख लेकीने स्वतः लाल पेनाने लिहिलीय. मध्ये कधी मैत्रिणीकडे साडेदहा वाजून गेले तर तिने घाईत निघायचं नाही, फोन करायचा. मी किंवा तिचे बाबा आणायला जातो, आणि का उशीर झाला हे त्या रात्री विचारत नाही.