वीजवितरणासाठी बसबार प्रणाली कशी निवडावी

बसबार ट्रंकिंगची, म्हणजे केबलऐवजी वीज वाहून नेणाऱ्या आणि आवरणात बंद असलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या प्रणालीची, निवड करताना बहुतेक ठिकाणी केवळ ॲम्पिअरचा आकडा पाहिला जातो. परंतु पाटीवरचा तो आकडा ठराविक तापमानाला आणि ठराविक मांडणीत घेतलेल्या चाचणीतून आलेला असतो. आपल्या जागेत त्यातला किती भाग खरोखर वापरता येईल आणि शॉर्ट सर्किटसारखा दोष उद्भवल्यास ती प्रणाली टिकेल का, हे तपासल्याशिवाय मागणी नोंदवू नये.

मुळात बसबार हवा आहे का, हे आधी ठरवावे. एका रेषेत मांडलेली अनेक यंत्रे, बहुमजली इमारतीतील उभी मुख्य वाहिनी किंवा वारंवार बदलणारी यंत्रमांडणी असेल, तर टॅप-ऑफ बॉक्स (बसबारवरून यंत्रासाठी वीज काढून घेणारी पेटी) हव्या त्या जागी बसवता येत असल्यामुळे बसबार निश्चितच सोयीचा ठरतो. दूरवरच्या एकाच भाराकडे वळणावळणाच्या मार्गाने वीज न्यायची असेल, तर केबल पुरेशी असते.

त्यानंतर प्रवाहाचा हिशेब करावा. १००० केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर ४०० व्होल्टवर पूर्ण भाराला सुमारे १४४३ ॲम्पिअर देतो, म्हणून १६०० ॲम्पिअरची ट्रंकिंग सहज पुरेल असे वाटते. आयईसी ६१४३९ या आंतरराष्ट्रीय मानकात सभोवतालच्या हवेचे चोवीस तासांचे सरासरी तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि कमाल तापमान ४० अंशांपर्यंत गृहीत धरलेले आहे. आपली जागा त्याहून उष्ण असेल आणि उत्पादकाच्या तक्त्यात त्या तापमानासाठी ०.९ हा गुणक दिलेला असेल, तर १६०० चे १४४० ॲम्पिअरच उरतात आणि ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भारही त्यात बसत नाही. ट्रंकिंग उभ्या कडेवर बसवली आहे की आडवी, यावरही काही रचनांमध्ये क्षमता बदलते. भविष्यातील वाढीसाठी राखीव क्षमता ठेवायची असेल, तर ती या सर्व कपातीनंतर मोजावी.

संगणक, एलईडी दिवे किंवा मोटारींचे एकफेजी वेगनियंत्रक मोठ्या संख्येने असतील, तर न्यूट्रलकडे (प्रवाहाच्या परतीच्या वाहकाकडे) वेगळे लक्ष द्यावे लागते. तिन्ही फेजमधील तिसऱ्या हार्मोनिकचे, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचे, प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करत नाहीत, तर त्यांची बेरीज होते. अशा ठिकाणी फेजच्या निम्म्या छेदाचा (जाडीच्या क्षेत्रफळाचा) न्यूट्रल घेऊन खर्च वाचवणे धोक्याचे आहे. पूर्ण आणि प्रसंगी दुप्पट छेदाचा न्यूट्रल घ्यावा.

शॉर्ट सर्किटची क्षमता हा माझ्या मते निवडीतील सर्वांत महत्त्वाचा निकष आहे. वरील ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अंतर्गत अडथळा) ५ टक्के असेल, तर त्याच्या टर्मिनलजवळ सुमारे २९ किलोॲम्पिअर इतका दोषप्रवाह वाहू शकतो, आणि तसेच दोन ट्रान्सफॉर्मर समांतर जोडले तर तो जवळजवळ दुप्पट होतो. पहिल्या काही मिलिसेकंदांत येणारे शिखरमूल्य याहून बरेच मोठे असते. २९ किलोॲम्पिअरसाठी मानकातील २.१ हा गुणक धरला, तर ते ६१ किलोॲम्पिअरच्या आसपास जाते. पट्ट्यांना एकमेकींपासून दूर फेकणारे किंवा जवळ ओढणारे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, आधार आणि सांधे निखळण्याची शक्यता याच क्षणी सर्वाधिक असते. म्हणून एका सेकंदाची सहनक्षमता आणि शिखर सहनक्षमता हे दोन्ही आकडे मागावेत, आणि बसबार ट्रंकिंगसाठीच असलेल्या आयईसी ६१४३९-६ नुसार झालेल्या चाचणीचा अहवाल पाहावा. त्या अहवालात चाचणी घेतलेला नमुना आणि आपण घेत असलेला आकार यांचा मेळ बसतो का, हेही पडताळावे.

तांबे की ॲल्युमिनियम, हा वाद अनेकदा विनाकारण लांबतो. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते. त्यामुळे तेवढ्याच रोधासाठी छेद सुमारे १.६ पट लागतो, पण घनता कमी असल्याने वजन निम्म्याच्या आसपास राहते. जागा अपुरी असेल तर तांबे घ्यावे, वजन आणि खर्च महत्त्वाचे असतील तर ॲल्युमिनियम घ्यावे. मात्र ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो, म्हणून सांध्यांच्या जागी कथिलाचा किंवा चांदीचा मुलामा असलाच पाहिजे.

सांधे हीच या प्रणालीची नाजूक जागा आहे. नेमक्या पिळाला (टॉर्कला) बाहेरचे डोके तुटणारा बोल्ट आणि दाब टिकवून ठेवणारे शंकूच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर असलेली रचना निवडली, तर बोल्ट पुरेसा आवळला गेला आहे, हे नुसते पाहूनही कळते. लांब मार्गावर प्रसरणाचाही विचार हवा: तापमान ५० अंशांनी वाढले, तर ५० मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे ५७ मिलिमीटरने वाढते. त्यासाठी प्रसरण जोड घ्यावा, आणि इमारतीचा स्वतःचा प्रसरण सांधा ओलांडताना तो विसरू नये. त्याच मार्गासाठी व्होल्टेजची घटही काढावी. सर्व भार शेवटच्या टोकाला असेल, तर ती समान विखुरलेल्या भाराच्या जवळजवळ दुप्पट असते.

धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणासाठी कोरड्या बंद खोलीत कमी श्रेणी चालते, पण वर पाण्याच्या नळ्या किंवा स्प्रिंकलर असतील तर आयपी ५४ किंवा त्याहून वरची श्रेणी घ्यावी. भिंत वा मजला ओलांडताना उत्पादकाने चाचणी केलेला अग्निरोधक अडथळा वापरावा. टॅप-ऑफ बॉक्स चालू स्थितीत उघडता येऊ नये आणि तो जोडताना अर्थिंगचा संपर्क सर्वांत आधी व्हावा, याची खात्री नमुना प्रत्यक्ष हाताळूनच करावी.

बसवणीच्या वेळी प्रत्येक तुकडा जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासण्याची अट मागणीपत्रातच घालावी, कारण वाहतुकीत ओल शिरलेला एक तुकडा संपूर्ण रांगेचे मापन खाली आणतो आणि मग तो शोधण्यासाठी सांधे पुन्हा खोलावे लागतात. प्रत्येक सांध्याचा मायक्रोओहममधील रोधही त्याच वेळी नोंदवून घ्यावा. पुढे भार चढल्यावर थर्मल कॅमेऱ्यात एखादा सांधा इतरांपेक्षा गरम दिसला, तर मूळ नोंदीशी तुलना करून तो सैल झाला आहे की त्यावरून जाणारा भारच वाढला आहे, हे ठरवता येते.