पांढऱ्या वाळूतले करडे ठिपके

न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स राष्ट्रीय उद्यानात एका कामासाठी छायाचित्रे काढताना भर वाऱ्यात लेन्स बदलण्याचा आगाऊपणा मी केला आणि रात्री अलामोगोर्डोच्या मोटेलात पाहतो तो प्रत्येक छायाचित्रातल्या आकाशात त्याच जागी सात करडे ठिपके, म्हणजे कॅमेऱ्यात शिरलेली धूळ. तिथली वाळू जिप्समची, म्हणजे नखानेही ओरखडा उठावा इतकी मऊ. तरीही सेन्सरवर, म्हणजे लेन्समागच्या प्रकाश टिपणाऱ्या नाजूक पट्टीवर, कोरडे कापड फिरवण्याचे धाडस मला झाले नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून, क्लीनिंग मोडने (कॅमेऱ्यातल्या सफाईच्या सोयीने) सेन्सरपुढचा आरसा वर उचलून आणि कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे धरून रबरी ब्लोअरने हवा मारली, मग एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र अगदी लहान करून, कोऱ्या भिंतीचे छायाचित्र घेतले, कारण लहान छिद्रावरच धूळ स्पष्ट दिसते. एकच ठिपका उरला होता. तो संपादनात पुसला. आता लेन्स मी गाडीतच, काचा लावून आणि एसीचा पंखा बंद करून बदलतो, मग कितीही उकडो.