मुलाची उंची खुंटली आहे का? ग्रोथ हार्मोनच्या तपासणीआधी आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर काय करायचं

मूल वर्गात सगळ्यांत बुटकं असेल, तर घरच्यांचं लक्ष उंचीवर जातं. डॉक्टर मात्र आधी वेग पाहतात: वर्षभरात मूल किती सेंटिमीटर वाढलं? बुटकं असूनही ठरलेल्या गतीने वाढणारं मूल बहुतेक वेळा निरोगी असतं. उंची बरी दिसते, पण दोन वर्षांपासून गती मंदावली आहे, त्या मुलाची तपासणी मात्र लांबवू नका.

जन्माच्या वेळी बाळ साधारण 50 सेंमी असतं. पहिल्या वर्षी ते जवळजवळ 25 सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षी 10 ते 12. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला 5 ते 6 सेंमी वाढ अपेक्षित असते. याच काळात ती 4 सेंमीच्या खाली गेली, तर कारण शोधायलाच हवं.

मोजमाप चुकलं तर पुढचं सगळं गणित चुकतं, आणि घरी ते सर्रास चुकतं. दारावरच्या पेन्सिलच्या खुणांवर विसंबू नका. खाली स्कर्टिंग नसलेली सपाट भिंत निवडा आणि पक्क्या फरशीवर मोजा, सतरंजीवर नको. मूल अनवाणी हवं, वेणी किंवा अंबाडा सोडलेला हवा. टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकलेले असावेत. नजर समोर, म्हणजे डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. डोक्यावर पुठ्ठ्याच्या बांधणीचं जाड पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवा, त्याच्या खालच्या कडेला खूण करा आणि फरशीपासून पोलादी टेपने मोजा. कापडी टेप ताणली जाते. तीनदा मोजून सरासरी लिहा. वेळ नेहमी तीच ठेवा, कारण दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळची उंची सकाळपेक्षा सुमारे 1 सेंमी कमी भरू शकते. दर महिन्याला मोजून काही कळत नाही, सहा महिन्यांनी मोजा. 2 वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवूनच घेतात.

आता वेग काढा. समजा, 6 महिन्यांत उंची 112.4 वरून 114.1 सेंमी झाली, म्हणजे वाढ 1.7. वर्षाचा वेग 3.4. हा आकडा आणि तारखा वहीत लिहून बालरोगतज्ज्ञांकडे न्या. 5 वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा आणि पुढे 18 वर्षांपर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा 2015 चा वाढीचा तक्ता वापरतात. उंची तिसऱ्या शतमकाच्या खाली असेल (म्हणजे त्याच वयाच्या 100 मुलांत सर्वांत बुटक्या तिघांत), किंवा मूल आपली रेषा सोडून खाली उतरत असेल, तर पुढची पायरी.

आईवडिलांची उंचीही मोजूनच सांगा, अंदाजाने नको. दोघांच्या उंचीच्या बेरजेत मुलासाठी 13 मिळवा, मुलीसाठी 13 वजा करा आणि 2 ने भागा. वडील 170, आई 152 असतील तर मुलाचा अंदाज 167.5 आणि मुलीचा 154.5 सेंमी. त्यात साधारण 8 सेंमी इकडे-तिकडे धरायचे.

ग्रोथ हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं, पण सतत नाही. झटक्याझटक्याने, आणि त्यातलं बरंचसं गाढ झोपेत. म्हणून दिवसा केव्हातरी रक्त काढून त्याची पातळी पाहण्याला काही अर्थ नाही. ‘कमी’ आलेला असा अहवाल हातात घेऊन इंजेक्शन मागायला जाऊ नका. या हार्मोनच्या हुकमावर यकृतात तयार होणारं आयजीएफ-1 हे वाढ घडवणारं प्रथिन दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असतं, म्हणून आधी ते तपासतात. तेही कुपोषणात कमी येतं, त्यामुळे एकट्या त्यावर निदान होत नाही.

त्याआधी इतर कारणं वगळावी लागतात: थायरॉइडची कमतरता, सिलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडण्याचा आजार), मूत्रपिंडाचा जुना आजार, दीर्घकाळ चाललेली स्टिरॉइड्स. मुलीची उंची कारण न सापडता खुंटली असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींत एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा काही अंशी नसणं) गुणसूत्रांची तपासणी चुकवू नये. डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे ती किती पक्व झाली आहेत, ते पाहतात. ते वयापेक्षा मागे असेल आणि वडिलांनाही मिसरूड उशिरा फुटलं असेल, तर मूल बहुधा उशिरा वाढणाऱ्यांतलं आहे. त्याला औषध नाही, धीर हवा.

मग उत्तेजन चाचणी, म्हणजे औषध देऊन ग्रंथी किती हार्मोन सोडते ते पाहणं. मूल उपाशीपोटी येतं, क्लोनिडीन किंवा ग्लुकागॉन देतात आणि ठरावीक अंतराने काही तास रक्ताचे नमुने घेतात. क्लोनिडीनने झोप येते, रक्तदाब उतरतो. त्या दिवशी मुलाला शाळेत किंवा खेळायला पाठवू नका. सहसा दोन वेगवेगळ्या चाचण्यांत प्रतिसाद कमी आला तरच कमतरता मानतात, आणि मग पिट्यूटरीचा एमआरआय. नवजात बाळाची साखर वारंवार उतरत असेल किंवा लिंग फारच लहान असेल, तर एवढी वाट पाहू नका. ती तातडीची बाब आहे.

रोजच्या इंजेक्शनचा नेहमीचा डोस किलोमागे 0.025 ते 0.035 मिग्रॅ. 20 किलोच्या मुलाला 0.5 ते 0.7 मिग्रॅ, म्हणजे 1.5 ते 2.1 युनिट. नेमका आकडा डॉक्टरच ठरवतील. रात्री झोपण्यापूर्वी त्वचेखाली द्यायचं. मांडी, पोट, नितंब अशी जागा रोज बदला. एकाच ठिकाणी टोचत राहिलात तर तिथली चरबी झिजून खड्डा पडतो. दाबल्यावर सुई 10 सेकंद आतच ठेवा, नाहीतर थेंब बाहेर येतो आणि डोस कमी पडतो. पावडरची बाटली असेल तर औषधासोबत आलेलं पाणी काचेच्या कडेने सोडा आणि तळहातांत अलगद फिरवा. हलवलीत तर प्रथिन बिघडतं. गढूळ झालं तर टाका. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

साठवण 2 ते 8 अंशांत. फ्रिजच्या दारात तापमान खालीवर होतं आणि फ्रीझरला लागून ठेवलं तर औषध गोठतं. गोठलेलं औषध वितळवून वापरता येत नाही. मधला कप्पा योग्य. मे महिन्यात गावी जाताना थर्मासच्या डब्यात न्या, पण बर्फाची पिशवी आणि इंजेक्शनचं पेन यांच्यामध्ये कापड असू द्या.

उपचाराच्या पहिल्या वर्षी 8 ते 12 सेंमी वाढ दिसू शकते. दिसली नाही तर डोस वाढवण्याआधी किती रात्री चुकल्या ते प्रामाणिकपणे मोजा, कारण बहुतेकदा उत्तर तिथेच असतं. मूल लंगडू लागलं, खुबा किंवा गुडघा दुखू लागला, तर मांडीच्या हाडाचं टोक सरकलं असू शकतं. उलटीसह डोकं दुखलं किंवा धूसर दिसू लागलं, तर मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असू शकतो. दोन्हींत त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दर तीन ते सहा महिन्यांनी उंची, आयजीएफ-1, थायरॉइड, साखर आणि पाठीचा कणा पाहतात.

वाढ वर्षाला 2 सेंमीच्या खाली आली किंवा हाडांची वाढपट्टी (टोकाजवळचा कूर्चेचा वाढणारा थर) मिटली, की उंचीसाठीचे डोस थांबतात. त्यानंतर कोणत्याही पावडरीने किंवा इंजेक्शनने उंची वाढत नाही. व्यायामशाळेत स्नायूंसाठी विकलं जाणारं हार्मोन तर साखर बिघडवतं आणि दीर्घकाळात हात-पाय व जबडा रुंद करतं. कमतरता मोठेपणीही उरली आहे का, हे पाहायला औषध किमान महिनाभर बंद ठेवून पुन्हा तपासणी करतात. काहींना कमी डोस पुढेही लागतो.