ज्येष्ठांसाठी वेदनाशामक गोळी निवडताना या चुका टाळा

औषधांच्या दुकानात जाऊन केवळ ‘दुखण्याची गोळी द्या’ असे म्हटले, की दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून चार गोळ्या हातावर ठेवतो. त्या तुकड्यावर बहुधा औषधाचे अर्धेच नाव उरते आणि मुदतीची तारीख दुकानातल्या उरलेल्या भागावर राहते. गोळीत नेमके काय आहे हे मग घरात कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच असते; म्हणून घटक वाचता येतील अशी पूर्ण स्ट्रिप मागावी.

पॅरासिटामॉल बिनधोक आहे असे समजून त्याचा हिशेबच न ठेवणे ही दुसरी चूक. ज्येष्ठांसाठी सहसा तेच पहिले औषध असते, हे खरे आहे. मात्र निरोगी प्रौढासाठीही 24 तासांत 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे आणि वजन 50 किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा विकार असेल किंवा रोज मद्यपान होत असेल तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात. 650 मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांचे 2.6 ग्रॅम होतात. त्यात सर्दीची गोळी आली की बहुधा प्रत्येकीमागे आणखी 500 मिलिग्रॅमची भर पडते. शिवाय सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामाइनने झोप येते, तोल जातो आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र वेगळी आहे: शेजारच्या काकूंना ज्या गोळीने आराम पडला, तीच आणणे. अशा गोळीत बहुधा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक असते. कॉम्बिफ्लॅममध्येही पॅरासिटामॉलबरोबर 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आहे. ही औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरणारी शरीरातील रसायने कमी करतात. त्यातच रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, वर जुलाब किंवा उन्हाळ्याने अंगातील पाणी कमी झाले असेल, तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) काही दिवसांतच वाढू शकते. (जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे आपल्याकडची गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली आणि 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसाची गोष्ट वेगळी असली, तरी हे औषध किरकोळ नाही एवढे त्यावरून कळावे.)

‘जेवून घेतली की काही होत नाही’ हा समजही अपुरा आहे. पोटाच्या अस्तराला होणारी इजा गोळी रक्तात गेल्यावरही होते, त्यामुळे भरल्या पोटाने संरक्षण मिळेलच असे नाही. पोटातील आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्रॅझॉलने जठर सांभाळले जाते, मूत्रपिंड आणि हृदय नाही. हृदयासाठी 75 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असेल, तर आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत: रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनचा उपयोगही कमी करू शकते. शौच डांबरासारखे काळे झाले, लघवी कमी झाली किंवा पायांवर सूज आली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

गुडघ्याच्या किंवा हाताच्या सांध्यांसाठी डायक्लोफेनॅकचे जेल अनेकदा पुरेसे ठरते, कारण त्यातील फार थोडे औषध रक्तात उतरते. मात्र जखमेवर ते लावू नये आणि लावल्यावर वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये.

राहता राहिली ‘आयुर्वेदिक’ म्हणून मिळणारी बिननावाची पुडी. दोन दिवसांत चमत्कार घडवणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळल्याचे वारंवार आढळले आहे. ती कित्येक आठवडे चालू असेल तर घाबरून एकदम बंद करू नये, कारण स्टिरॉइड अचानक तुटल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो. उरलेली पुडी घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे आणि ती किती दिवस घेतली, हे न लपवता सांगावे.