मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहायचीय? मग राजाला जरा बाजूला बसवा

मी पहिल्यांदा मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली तेव्हा थेट राजापासूनच सुरुवात केली. नऊ पानं नुसती वंशावळ, कोण कुणाचा मुलगा, कुणी कुणाला विष घातलं, कुणाची मावशी कुणाला दिली, आणि मला आपलं वाटतंय काय भारी जमलंय. दहा वर्षांच्या एका मुलीला वाचून दाखवलं तर चौथ्या पानावर तिने विचारलं, "यात कुणी लहान आहे का?"

नव्हतं. नऊच्या नऊ पानं गेली.

तर पहिलं काम हे की घटना निवडायच्या आधी पोरगं निवडा. आणि ते राजपुत्र वगैरे नको, घटनेच्या अगदी कडेला उभं असलेलं, ज्याला आपण इतिहासात आहोत हे माहीतच नाही असं. कारण साधं आहे, राजाचं पुढे काय झालं हे कुणीही एका मिनिटात गूगल करू शकतं, पण पखाल वाहणाऱ्या पोराचं काय झालं हे फक्त तुम्हाला माहिती. शिवाय खऱ्या माणसाच्या तोंडी घातलेलं प्रत्येक वाक्य तुमच्या अंगावर येतं, आणि मुलं छापलेल्यावर फार पटकन विश्वास ठेवतात. तुम्ही सहज गंमत म्हणून लिहिलेला डायलॉग उद्या कुणीतरी परीक्षेत लिहून येईल. म्हणून खरी मोठी माणसं असू देत, पण लांबून, घोड्यावरून जाताना दिसली, आवाज ऐकू आला, बास.

घटना मात्र छोटी घ्या. तीस वर्षं चाललेलं युद्ध घेतलंत तर नायक दुसऱ्या प्रकरणात दहा वर्षांचा आणि शेवटी चाळिशीचा, म्हणजे ती मुलांची कादंबरी राहिलीच नाही. चार दिवस, एक हिवाळा, एक प्रवास असं काहीतरी. उदाहरणाला मी लंडनची १६६६ ची आग घेतो, कारण तिच्यात घड्याळ आधीपासून टिकटिकतंय. २ सप्टेंबर, रविवारची पहाट व्हायची होती, पुडिंग लेन नावाच्या गल्लीत थॉमस फॅरिनर या पाव भाजणाऱ्याच्या घरातून आग सुरू झाली. कोरडा उन्हाळा, लाकडी घरं एकमेकांना खेटून, पूर्वेचा वारा. बुधवार-गुरुवारपर्यंत सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च गेली. तुम्हाला प्लॉट शोधायचाच नाही, वारा कुठल्या दिशेला वळला ते बघत बघत पोराला पळवायचं.

आता रिसर्च. इथे लोक दोन प्रकारे बुडतात, काही जण करतच नाहीत आणि काही जण पाच वर्षं तेच करत बसतात (मी दुसऱ्यातला, त्यात एक सुख असतं, लिहायला लागत नाही). मोठ्यांच्या पुस्तकासाठी तह आणि सनावळ्या लागतात. मुलांच्या पुस्तकासाठी मुलाच्या उंचीवरून जे दिसतं ते लागतं: ते झोपायचं कुठे, कुणाशेजारी, पायात काय होतं, मार कशासाठी बसायचा, भीती कशाची वाटायची, पळायची वेळ आली तर हातात काय उचललं असतं.

आगीच्या दिवसांबद्दल सॅम्युएल पीप्स या लंडनमधल्या सरकारी अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. त्याने शहर जळताना आपली वाइन आणि पार्मेझान चीज बागेत खड्डा खणून पुरलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आणि त्याच रोजनिशीत कबुतरं आहेत, घर सोडवेना म्हणून खिडक्यांभोवती घिरट्या घालत राहिली आणि पंख जळून खाली पडली. सांगा, १३,२०० हा आकडा मुलाला जास्त लागेल की ती कबुतरं? आकडा खोटा नाहीये, पण त्याला कबुतरांच्या मागे उभं राहू दे.

मुलांच्या हातचं काही सापडलं तर मग लॉटरीच. रशियातल्या नोवगोरोदमध्ये भूर्जाच्या सालीवर तेराव्या शतकातल्या ओनफिम नावाच्या एका मुलाचा गृहपाठ सापडलाय, वय साधारण सहा-सात असावं असं मानतात. अक्षरं गिरवता गिरवता कंटाळून त्याने चित्रं काढलीत, एकात तो स्वतः घोड्यावर बसून शत्रूला भाला मारतोय, दुसऱ्यात एक विचित्र प्राणी आणि त्याला लिहिलंय की मी रानटी जनावर आहे. साडेसातशे वर्षांपूर्वीचं पोर, आणि वहीच्या कोपऱ्यात तेच चाललंय जे आज चालतं! उत्तर इंग्लंडमध्ये विंडोलांडाच्या रोमन छावणीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवरची पत्रं मिळालीत, साधारण इसवी सन १०० ची, त्यातल्या एकात सैनिकाला मोजे आणि आतल्या चड्ड्या पाठवल्याचं लिहिलंय. चड्डी हा शब्द आला की वर्ग जिंकलात. सैनिकांना थंडी वाजायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

सगळीकडे हसू नाही. ब्रिटनमध्ये १८४२ साली खाणीत काम करणाऱ्या मुलांच्या जबान्या घेऊन सरकारी अहवाल निघाला, त्यात सेरा गूडर नावाची आठ वर्षांची मुलगी आहे. ती खाणीत हवेसाठीचं दार उघडायला-लावायला अंधारात बसायची. ती सांगते की उजेड असेल तेव्हा मी कधीकधी गाते, अंधारात गात नाही, तेव्हा धीर होत नाही. हे वाचल्यावर मी दोन दिवस काही लिहिलं नाही. त्याच वर्षी कायदा झाला आणि मुली, बायका आणि दहाच्या आतल्या मुलग्यांना जमिनीखाली कामाला लावायला बंदी आली. तुम्हाला कायद्यावर प्रकरण लिहायचं असेल तर लिहा बापडे, पण कादंबरी त्या न गायलेल्या गाण्यात आहे.

रिसर्च कधी थांबवायचा? माझी कसोटी अशी आहे, आपल्या पोराचा उठल्यापासून झोपेपर्यंतचा एक दिवस कुठेही न अडता सांगता आला की थांबायचं आणि लिहायला लागायचं. मध्ये अडलात तर तिथे फुली मारा आणि पुढे जा, "बादली कशाची होती" हे नंतर बघता येतं (चामड्याची होती).

आता भाषा, इथे खरी मजा आणि खरा घोळ. मराठीत ऐतिहासिक म्हटलं की आपल्या अंगात दरबार संचारतो, "आज्ञा शिरसावंद्य", "आपण आम्हांस काय समजता" वगैरे, आणि ते लंडनच्या पावभट्टीवरचं पोरगंसुद्धा तसंच बोलायला लागतं. कुठल्याही काळात पोरं पोरांशी पोरांसारखीच बोलायची. साधं मराठी लिहा, छोटी वाक्यं, "चल", "थांब ना", "मी नाही जा". फक्त आजचा शिक्का असलेले शब्द काढा, ओके, टेन्शन, बोअर, सॉलिड. जुना शब्द पानात एखादाच टाका, आणि असा टाका की वापरावरून कळेल. चकमक म्हणजे काय हे तळटीपेत नको, पोरगं दगडावर लोखंड आपटतंय, ठिणगी पडत नाहीये, बोटं सोलवटलीत, कळलं की.

पण शब्दांपेक्षा वाक्प्रचार जास्त फसवतात, कारण ते आपल्या नजरेलाच येत नाहीत. "आईने हिरवा कंदील दाखवला" असं मी १६६६ च्या गोष्टीत लिहून मोकळा झालो होतो, अहो रेल्वेच नाही तर कंदील कुठला! "गाडी रुळावर आली" तेच. "फोटो काढल्यासारखं लक्षात होतं", फोटोग्राफी लोकांसमोर आली १८३९ ला. "काडी ओढली", घासून पेटणारी काडी १८२६-२७ च्या सुमाराची. "बटाट्यासारखं नाक" चालेल की नाही ते देश आणि साल बघून ठरवा, कारण बटाटा, टोमॅटो, मिरची, मका हे सगळं १४९२ च्या आधी अमेरिका खंडांबाहेर नव्हतंच. "चहाच्या पेल्यातलं वादळ" तर फारच सांभाळून, पीप्सने पहिला कप चहा प्यायल्याची नोंद १६६० ची आहे, म्हणजे तेव्हा ते नवलाचं पेय होतं, भट्टीवरच्या पोराला कुठून मिळणार.

"दोन मिनिटं थांब" हे तर प्रत्येक पानावर घुसतं. लंबकाचं घड्याळ आलं १६५६ ला, त्याआधीच्या बहुतेक घड्याळांना मिनिटकाटाच नसायचा. "जरा थांब" लिहा. "घटकाभर थांब" हे भारतातल्या गोष्टीत गोड वाटतं, लंडनमध्ये विचित्र, हे आपल्या कानाने ठरवायचं. तारखांचाही असाच एक खड्डा आहे, त्या काळी इंग्लंड जुन्या कॅलेंडरवर होतं आणि फ्रान्स नव्या, त्यामुळे लंडनच्या २ सप्टेंबरला फ्रान्समध्ये १२ सप्टेंबर होती. तुमच्या गोष्टीत दोन देशांतली पत्रं असतील तर उत्तर प्रश्नाच्या आधी पोचेल.

माहिती कोंबायची कशी? संवादातून कोंबू नका एवढंच सांगतो. "दादा, तुला माहीतच आहे की गेल्या वर्षी प्लेगने शहर हादरलं होतं", असं कुठलं भावंड बोलतं? त्याऐवजी शेजारच्या दारावरची पुसट झालेली लाल फुली दाखवा (प्लेग झालेल्या घरावर मारायचे ती) आणि पोरगं तिथून जाताना श्वास रोखून धरतं, सवयीने. १६६५ चा प्लेग आला, सालही न सांगता आला.

आईबापांना गोष्टीतून बाहेर काढायचा प्रश्न आजच्या काळातल्या गोष्टीत फार छळतो, इथे तो जवळजवळ नाहीच, कारण दहा-बारा वर्षांची मुलं कामाला, दुसऱ्याच्या घरी शिकाऊ म्हणून, गलबतांवर असायची. उगाच अनाथ करू नका.

मुलींचं जरा अवघड आहे. सतराव्या शतकातली मुलगी उठून आजच्या भाषेत समान हक्कांवर भाषण द्यायला लागली की वाचणाऱ्या मुलीला तो काळ खोटा वाटतो, आणि नुसती दाराआडून बघत बसली तर पुस्तक बंद होतं. मला मधला रस्ता सापडला तो असा की तिला मतं देऊ नका, गरज द्या. तिला अमुक ठिकाणी पोचायचंय, नियम आडवा येतो, ती तो वाकवते, आणि त्याची किंमतही मोजते.

हिंसा लपवायची का? नाही, पण कॅमेरा मुलाच्या डोळ्यांवर ठेवा आणि तिथे रेंगाळू नका. आगीनंतर रोबेर ह्युबेर नावाच्या फ्रेंच घड्याळवाल्याने आग मीच लावली असं कबूल केलं आणि त्याला फाशी दिलं, नंतर कळलं की तो लंडनला पोचलाच होता आग लागून दोन दिवस झाल्यावर. लोकांना कुणीतरी परका हवाच होता. ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलाला पूर्ण कळते, फास दाखवायची गरज नाही, घोळक्यात ओरडणाऱ्यांमध्ये आपला नायकही होता एवढं दाखवा. त्या प्रसंगावर मी माझी सगळ्यात जास्त पानं खर्च करेन, आगीपेक्षाही जास्त.

नायकाचं वय वाचकापेक्षा वर्ष-दोन वर्षं जास्त ठेवा, मुलांना वर बघायला आवडतं. लांबी माझ्या मते वीस-पंचवीस हजार शब्द भरपूर, प्रकरणं एका बैठकीत संपतील एवढी.

शेवटी एक पान जोडा, खरं काय आणि मनाचं काय. पाव भाजणारा खरा, त्याच्याकडचं पोरगं माझ्या मनातलं, वारा खरा, कबुतरं खरी, त्या कबुतरांना नाव मी दिलं. मुलं हे पान गोष्टीइतकंच वाचतात, काही तर आधी हेच वाचतात, म्हणून त्यात शेवट फोडू नका.

आणि छापायला द्यायच्या आधी चार-पाच मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. आवडलं का असं विचारू नका, ती सभ्यपणे हो म्हणतात. तुम्ही वाचत राहा आणि पाय कुठे हलायला लागतात तिथे पेन्सिलीने रेघ मारा. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात अकरा रेघा आल्या, त्यातल्या आठ ठिकाणी मी काहीतरी समजावून सांगत होतो.