बलून लावून कॉइलिंग (मेंदूतल्या धमनीचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, तारेच्या वेटोळ्यांनी भरणं): पेशंट टेबलावर घेण्याआधी

प्रोटामिन. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचा उतारा. बाकी यादी वाचण्याआधी फ्रीज उघडा आणि ते ॲनेस्थेशियाच्या ट्रॉलीवर आणून ठेवा. मागे एका केसला ते माझ्याकडून फ्रीजमध्येच राहिलं आणि फ्रीज स्टोअरमध्ये, कुलपात. म्हणून हा सगळा खटाटोप.

संमती, उपास, क्रिएटिनिन, कॉन्ट्रास्टची (एक्स-रेत दिसणाऱ्या औषधाची) ॲलर्जी, मेटफॉर्मिन, युरिन कॅथेटर हे वॉर्डातून होऊन येतं, फाइल चाळा. फाइलमध्ये बहुधा नसतं ते नातेवाइकांना विचारा: मासे खाऊन अंगावर गांधी उठतात का? मधुमेह असेल तर एनपीएच इन्सुलिन घेतलंय का? प्रोटामिन माशांपासून काढलेलं असतं आणि एनपीएचमध्येही तेच असतं, त्यामुळे अशांना रिॲक्शनचा धोका जास्त. उत्तर ॲनेस्थेशियाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, नुसतं लिहून ठेवू नका.

ॲन्युरिझमची मान (फुग्याचं तोंड) 4 मिलिमीटर किंवा जास्त असेल, किंवा घुमट (फुगीर भाग) मानेच्या दुपटीपेक्षा कमी रुंद असेल, तर कॉइल घसरून मूळ धमनीत येते. ती अडवायला मानेसमोर फुगवायचा तो बलून. पॅरिसच्या जाक मोरे यांनी नव्वदच्या दशकात ही पद्धत रूढ केली. एकाच गाइडमधून (बाहेरची जाड नळी) बलून आणि मायक्रोकॅथेटर (कॉइल नेणारी बारीक नळी) दोन्ही जायचे असतात, तेव्हा गाइडच्या वेष्टनावरचा आतला व्यास वाचा. नुसतं ‘सहा फ्रेंच’ (ते बाहेरचं माप) बघून फोडू नका.

बलूनसाठी कॉन्ट्रास्ट आणि सलाइन निम्मं-निम्मं. नुसता कॉन्ट्रास्ट घट्ट, बलून लवकर रिकामा होत नाही. फार पातळ केलं तर पडद्यावर दिसत नाही. 1 मिलीची, फिरवून बसणारी सिरिंज घ्या. टिचकी मारून बुडबुडे वर आणा, बलून सलाइनच्या वाटीत बुडवून फुगवून बघा. सिंगल ल्युमेन (एकाच पोकळीचा) असेल तर वायरचं टोक पुढच्या भोकाबाहेर हवं, भोक त्या वायरनेच बंद होतं. वायर आत ओढली की रक्त बलूनमध्ये शिरतं, मग तो धड दिसतही नाही आणि बसतही नाही. आणि सिंगल ल्युमेनला फ्लशची (सलाइन सोडत राहणारी) लाइन जोडू नका, तीच फुगवायची वाट आहे! शीथ (जांघेतली नळी), गाइड आणि कॉइलचं मायक्रोकॅथेटर, प्रत्येकाला फ्लशची वेगळी प्रेशर बॅग. लाइनमध्ये एकही बुडबुडा चालत नाही, तो थेट मेंदूत जातो.

हेपारिन कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारा. फुटलेल्या ॲन्युरिझममध्ये काही जण पहिली कॉइल बसेपर्यंत थांबतात. सुरुवातीचा एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) आधी घ्या. मग प्रत्येक डोस वेळेसकट फळ्यावर, मोठ्या अक्षरात. कारण पुन्हा प्रोटामिनच: साधारण 100 युनिट हेपारिनला 1 मिलिग्रॅम, आणि हेपारिन देऊन जितका वेळ झाला असेल तितकं कमी. हा हिशेब त्या गडबडीत डोक्यात होत नाही. प्रोटामिनच्या सिरिंजवर ठळक लेबल लावा, हेपारिनशेजारी ठेवू नका, दोन्ही पाण्यासारखीच दिसतात. आणि भसकन देऊ नका, रक्तदाब कोसळतो.

मध्येच ॲन्युरिझम फुटला तर बलून लगेच फुगतो, डॉक्टर पडद्यावरून नजर न काढता फक्त ‘प्रोटामिन’ म्हणतात, आणि कॉइल भरणं चालूच राहतं. मायक्रोकॅथेटर कुणीही ओढायचं नाही. प्रोटामिन तेव्हा हातात हवं, फ्रीजमध्ये नाही. किल्ली कुणाकडे, हे तेव्हा शोधणार का?

बलून फुगवल्यापासूनची मिनिटं एकाने मोठ्याने मोजायची, कारण तेवढा वेळ पुढचा रक्तपुरवठा बंद असतो. कॉइल सोडण्याआधी बलून रिकामा करून ती जागेवर राहते का ते बघतात, तेव्हा घाई लावू नका. गुठळी झाली तर टायरोफिबान (प्लेटलेट रोखणारं औषध), कॉइल बाहेर येत असेल तर स्टेंट (धमनीत बसवायची जाळी). दोन्ही आधीच खोलीत असू देत.

नंतरचं थोडक्यात. डोळ्यांच्या बाहुल्या, हातपाय, पायाची नाडी, जांघेतली सूज. पाय सरळ. फुटलेला असेल तर निमोडिपिन (धमन्या आकसल्याने मेंदूला होणारी इजा टाळायचं औषध) चालू ठेवायचं. कॉइलचे स्टिकर फाइलला, एक संच बिलिंगला.