मॉडेल जेटची टाकी: आत कुठली नळी, बाहेर कुठली

चार महिने पावसाळ्यात पडून असलेलं, रिमोटवर उडणारं मॉडेल जेट मी एका ऑक्टोबरात मैदानावर नेलं. बॅटऱ्या तपासल्या, सर्व्हो (पंखांच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटर) तपासले, टर्बाइन, म्हणजे त्याचं छोटं जेट इंजिन, पहिल्या फटक्यात पेटलं. टेकऑफ झालं, दोन फेऱ्या झाल्या आणि टाकी अर्ध्यावर आली असेल-नसेल तोच वळणात टर्बाइन गप्प. जेमतेम धावपट्टीपर्यंत आणून पोटावर उतरवलं. घरी टाकी उघडली तर आतली पिवळी नळी काडीसारखी ताठ झालेली, आणि तिच्या टोकाचा क्लंक (इंधनाच्या मागे सरकून ते ओढणारं वजनदार तोंड) टाकीच्या मधोमध अधांतरी. इंधनाच्या मागे धावायचं सोडून तो हवा ओढत होता.

नळी फाटली नव्हती, गळत नव्हती, बाहेरून दिसायलाही झकास. म्हणूनच टाकीची नळी निवडताना ‘चांगली नळी कुठली’ एवढं विचारून भागत नाही. ती मॉडेलमध्ये कुठे बसणार आहे, हे आधी विचारायचं.

आधी कागदावर नळ्यांचा नकाशा काढा

रॉकेल किंवा डिझेलवर चालणाऱ्या टर्बाइन मॉडेलमध्ये नळी चार वेगवेगळी कामं करते. टाकीच्या आत क्लंक धरून ठेवणारी, ती सतत इंधनात बुडालेली आणि सतत हलणारी. टाकी ते यूएटी (बुडबुडे अडवणारी छोटी टाकी) आणि तिथून पंप, ही ओढणारी बाजू. पंपापासून टर्बाइनपर्यंत दाबाची बाजू. आणि व्हेंट (टाकीत हवा येण्या-जाण्याची वाट) व भरण्याची नळी. चौघींना एकच नळी लावली की कुठेतरी फसगत होतेच.

आत: व्हिटॉन, दुसरं काही नाही

व्हिटॉन म्हणजे फ्लोरिनयुक्त रबर. काळं, जड, महाग आणि अपारदर्शक, म्हणजे आत बुडबुडा आहे की नाही ते कळत नाही. पण टाकीच्या आत आपल्याला बघायचंच नसतं. तिथे नळी वर्षानुवर्षं लवचिक राहणं महत्त्वाचं, आणि रॉकेल-डिझेलमध्ये व्हिटॉन ते काम करतं.

पिवळी टायगॉन एफ-४०४०-ए ही मॉडेलवाल्यांची लाडकी नळी. पारदर्शक, मऊ, वळवायला सोपी. तीही इंधनासाठीच बनवलेली आहे, मग माझी ताठ का झाली? कारण ती पीव्हीसीच्या घराण्यातली. पीव्हीसी मुळात कडक. घरातला पाण्याचा पाइप आठवा. त्यात मऊपणा आणणारं तेलकट द्रव्य, म्हणजे प्लास्टिसायझर, मिसळलेलं असतं. रॉकेल ते हळूहळू ओढून घेतं. गंमत अशी, की नळी ओली असेपर्यंत रॉकेलच त्याची जागा घेतं आणि नळी मऊ वाटते. टाकी रिकामी करून चार महिने ठेवली की रॉकेल उडून जातं, प्लास्टिसायझर तर आधीच गेलेलं, आणि हातात उरतं ते मूळचं कडक पीव्हीसी. माझं नेमकं हेच झालं. टाकी कोरडी ठेवली, याचा मला उलट अभिमान होता!

सिलिकॉनची नळी ग्लो इंजिनवाल्यांच्या (मिथेनॉलवर चालणारी छोटी पिस्टन इंजिनं) पेटीत हमखास सापडते. मिथेनॉलच्या इंधनाला ती उत्तम. रॉकेलमध्ये मात्र ती फुगते, लांब होते, बार्बवरून (नळी निसटू नये म्हणून सांध्याला असलेली उंच कड) घसरते. उलट नेहमीचं व्हिटॉन मिथेनॉलमध्ये फुगतं. त्यामुळे ग्लोच्या पेटीतली नळी जेटला आणि जेटची ग्लोला, ही अदलाबदल कधीच करू नका. व्हिटॉन ॲसिटोननेही बिघडतं, तेव्हा साफसफाईला ते वापरायचं नाही.

सलाईनची नळी आणि मत्स्यालयाची हवेची नळी, दोन्ही बहुधा पीव्हीसीच. फुकटात मिळते म्हणून लावलेली मी पाहिली आहे. नको. दुचाकीचा पेट्रोल पाइप इंधनाला टिकतो, पण इतका जाड आणि ताठ असतो की क्लंक हलणारच नाही.

बाहेर थोडी मोकळीक आहे

टाकीबाहेर ओढणाऱ्या बाजूला टायगॉन चालते, कारण तिथे ती हलत नाही आणि बदलायला दोन मिनिटं लागतात. पंपाच्या अलीकडे निदान बोटभर पारदर्शक तुकडा हवाच. पुढे तो कामी येईल.

दाबाच्या बाजूला मऊ नळी नको. तिथे पुश फिटिंग (नळी नुसती आत ढकलली की पकडणारा सांधा) आणि पॉलीयुरेथेनची, म्हणजे बोलीतली पीयू, नळी लावतात. न्यूमॅटिकचं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं, सामान विकणाऱ्या दुकानात ती मीटरवर मिळते. पुण्यात असाल तर भोसरीला चक्कर मारा. दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: ही एस्टर बेसची आहे की ईथर बेसची? इंधन-तेलाला एस्टर जास्त टिकते, ओलाव्याला ईथर. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर खाली दिलेली बाटलीची चाचणी करा. टर्बाइनच्या अगदी जवळ, जिथे आच लागते तिथे, टर्बाइनसोबत आलेलीच नळी ठेवा. स्वतःचं डोकं तिथे चालवू नये.

भोक मोजा, बाहेरचा व्यास नाही

पीयू नळी ‘४ मिमी’ म्हणून मागितली तर तो बाहेरचा व्यास असतो. आतलं भोक साधारण २.५ मिमी. ‘६ मिमी’च्या नळीचं भोक ४ मिमी. आता १०० न्यूटनच्या आसपास रेटा देणारं टर्बाइन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साधारण ३०० ते ४०० मिलीलीटर इंधन पितं. ३५० धरलं तर २.५ मिमीच्या भोकातून इंधन सेकंदाला सुमारे १२० सेंटिमीटर वेगाने धावतं, ४ मिमीच्या भोकातून ४६ च्या आसपास. या वेगाला प्रवाह संथ, म्हणजे न घुसळता थराथराने वाहणारा, असतो, आणि संथ प्रवाहात अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे बारीक भोकात अडथळा साडेसहा पट. पंपाला ढकलताना हे फारसं जाणवत नाही, पण ओढताना जाणवतं. पंपाला जोर लावून ओढावं लागलं की इंधनात विरघळलेली हवा सुटते, आणि प्रत्येक सांध्यातली बारीक फटही हवा आत घ्यायला लागते.

म्हणून ओढणाऱ्या बाजूला ४ मिमी भोकाच्या खाली जाऊ नका. छोट्या टर्बाइनला ३ मिमी चालून जाईल. आणि नळी रुंद घेतली तरी टाकीच्या झाकणातली पितळी नळी, क्लंकचं भोक, टी आकाराचा सांधा, यांतली सर्वांत अरुंद जागाच शेवटी हिशेब ठरवते. तीही वर्नियरने मोजा.

बाटलीची चाचणी

नवीन नळी आणली की थेट टाकीत घालू नका. १०० मिमीचा तुकडा सरळ कापा. लांबी आणि बाहेरचा व्यास वर्नियरने मोजा, सोनाराचा छोटा काटा असेल तर वजनही करा. जॅमच्या बाटलीत तुमचंच इंधन, तेल मिसळलेलं, भरा. साध्या रॉकेलवर चाचणी करून उपयोग नाही, कारण टर्बाइन ऑइलचाही नळीवर परिणाम होतो. तुकडा बुडवून झाकण लावा आणि तीन दिवस विसरून जा.

मग बाहेर काढून पुसा, पुन्हा मोजा. माझ्याकडच्या सिलिकॉनच्या तुकड्याची वाढ मोजायला वर्नियर लागलाच नाही, शेजारी नवा तुकडा ठेवल्यावर डोळ्यांनीच कळलं. लांबी महत्त्वाची अशासाठी, की क्लंक मागच्या भिंतीपासून ८-१० मिमीवर ठेवून नळी कापलेली असते. ती तेवढी वाढली की क्लंक भिंतीला टेकून अडकतो.

बहुतेक जण इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. तोच तुकडा उघड्यावर दोन आठवडे वाळू द्या आणि मग बोटाभोवती गुंडाळा. वाळल्यावर ताठ झाला तर तो टाकीच्या आत जाणार नाही, बुडालेला असताना कितीही मऊ असू दे.

हे करताना हातमोजे घाला. टर्बाइन ऑइल कातडीला लागू देण्यासारखं नसतं. आणि जेट ए-१ चा, म्हणजे विमानाच्या रॉकेलचा, ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट, ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ३८ अंश ठरवलेला आहे. मे महिन्यातल्या नागपुरात तेवढं तर सावलीतलं तापमान असतं. बाटली उन्हात ठेवू नका.

बसवणं

नळीचं भोक पितळी नळीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडं कमी हवं. उदाहरणार्थ, छोट्या टर्बाइनच्या ४ मिमी पितळी नळीवर ३.२ मिमी भोकाची नळी घट्ट बसते. नुसत्या गुळगुळीत पितळेवर भरवसा नको: टोकाजवळ तांब्याच्या तारेचा एक वेढा घालून सोल्डर करा, कानशीने कड मोडा, झाला बार्ब. नळी त्यावरून सरकवून बार्बच्या मागे ०.८ मिमीची तार दोन वेढे घालून पिळा. पीळ हलकाच, तार रबरात रुतली की नळी कापते. छोटे केबल टाय मला आवडत नाहीत. कुलपाच्या खाली ते नळीला सगळीकडून सारखे दाबत नाहीत आणि नेमकी तिथूनच हवा शिरते.

क्लंकच्या नळीत मधोमध पितळी नळीचा एक छोटा तुकडा घाला. जोरात ब्रेक लागला किंवा धपकन उतरलं की क्लंक पुढे उलटून तिथेच अडकतो, तो या तुकड्यामुळे उलटत नाही. पण दोन्ही बाजूंना व्हिटॉन पुरेसं मोकळं राहिलं पाहिजे. टाकी हातात धरून उलटी-सुलटी करा. क्लंकचा टकटक आवाज प्रत्येक बाजूला आला पाहिजे.

पुश फिटिंगमध्ये जाणारी पीयू नळी कात्रीने कापू नका, चपटी होते. नव्या ब्लेडने काटकोनात कापा. व्हिटॉन किंवा टायगॉन पुश फिटिंगमध्ये कोंबू नका. ही फिटिंग मऊ नळी धरण्यासाठी नाहीच.

गळती शोधणं

व्हेंट बंद करून टाकी बादलीभर पाण्यात बुडवा आणि सिरिंजने हलकी हवा भरा. हलकी म्हणजे खरंच हलकी, टाकीचं पोट फुगायला लागलं की थांबा. पण ही चाचणी बाहेर जाणारी हवा दाखवते, आत येणारी नाही. काही सांधे आतून दाब आला की बसतात आणि ओढलं की उघडतात. म्हणून नंतर टाकी भरून, व्हेंट उघडून, टर्बाइनकडची नळी काढून ती भांड्यात सोडा आणि पंप चालवा. पंपाच्या अलीकडचा तो पारदर्शक तुकडा आता बघा. सुरुवातीचे बुडबुडे निघून गेल्यावरही बारीक बुडबुड्यांची माळ चालू राहिली, तर टाकीकडून एकेक सांधा चिमटीत दाबत या. ज्याला दाबल्यावर माळ तुटते, तो चोर.

पावसाळ्यात

टाकीच्या झाकणावर मार्करने नळी घातल्याची तारीख लिहा. मी बाहेरची टायगॉन दर मोसमाला बदलतो, ती अजून मऊ असली तरी. आतलं व्हिटॉन दर ऑक्टोबरात झाकण उघडून बोटाने वाकवून बघतो. उरलेली नळी काळ्या पिशवीत, सैल गुंडाळून, इलेक्ट्रिक मोटर आणि चार्जरपासून दूर ठेवतो. घट्ट गुंडाळली तर ती वळण धरते, आणि मग टाकीत क्लंक एकाच कोपऱ्यात बसायला लागतो.